आठ महिने, तीन भिंती, एक स्टेन्सिल

दिवाळीआधी हॉलसाठी जाळीच्या नक्षीची मायलरची (चिवट प्लास्टिकची) स्टेन्सिल, म्हणजे भिंतीवर रंगाने नक्षी छापायची कोरलेली शीट, ऑनलाइन मागवली. तीन भिंती झाल्या, शीट अजून शाबूत आहे. पाव मिलिमीटर जाडीची असल्यामुळे कडा मुडपत नाहीत. माझी तक्रार सोबत आलेल्या सूचनेबद्दल आहे: आधीच्या छापाशी खुणा (शीटवरची जुळणीची बारीक भोकं) जुळवा आणि पुढे चला.

पहिल्या भिंतीवर तसंच केलं. भिंत १४ फुटांची, नक्षी २१ इंचांची, म्हणजे आडवे आठ छाप. डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक छाप शेजारच्याशी झकास जुळला, आणि उजव्या टोकाला ओळ जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली! एका जोडाला दोन मिलिमीटर चुकले तर डोळ्यांना कळत नाहीत, पण ते पुढच्याच्या माथी जातात. त्यात मी वरची ओळ छताला धरून लावली होती. आमच्या जुन्या बिल्डिंगचं छत सरळ असेल असं मला का वाटलं, देव जाणे. सगळं पुसून पुन्हा बेस कोट.

दुसऱ्यांदा आमच्या पेंटरकाकांकडून ओळंबा, पाणसळ आणि सूत मागून आणलं. सुताला खडूची पूड लावली; निळीचा डाग फिक्या रंगावर राहतो. मध्यावर एक उभी रेघ, एक आडवी, आणि दर २१ इंचांवर पेन्सिलची पुसट खूण. मधून दोन्हीकडे चार-चार छाप. शीट आधी रेघेला लावायची, शेजारच्या छापाकडे नंतर बघायचं. चूक झाली तरी ती तिथल्या तिथे राहते.

खिडकीखाली भिंतीला पोट आलंय. तिथे शीट टेकतच नाही, नक्षी फाकते. हा फरक दोन-तीन छापांत वाटून घेतला. सोफ्यावर बसलं की दिसत नाही, मला मात्र दिसतो.

आणखी एक, जे मला सहाव्या-सातव्या छापाला कळलं. जुळणीच्या बारीक भोकांत रंग सुकून बसतो, भोकं अरुंद होतात आणि जुळलं असं उगाच वाटतं. आता दर पाच छापांनी कोमट पाण्यात धुते. रोलरही वर्तमानपत्रावर जवळपास कोरडा करून घ्यायचा, नाहीतर रंग शीटखाली पसरतो आणि पुढची खूण कुठे धरायची तेच समजत नाही.

कोपऱ्यात शीट दुमडू नका. मी दुमडली, ती घडी आता प्रत्येक छापात उमटते.