हायटेन्शन लाइनीखाली ट्यूब: नवी घेऊ नका, उडालेली चालते

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या 400 केव्ही (4 लाख व्होल्ट) लाइनीखाली ट्यूब नुसती उभी धरली की उजळते, हे खरं आहे. त्यासाठी चार फुटी, 36 वॅटची साधी फ्लुरोसंट घ्या, आणि तीही भंगारातली. फिलामेंट तुटलं, टोकं काळी पडली तरी चालतं. इथे फिलामेंट तापवायचंच नसतं, चोक-स्टार्टरही लागत नाही. तारांभोवतीचं विद्युतक्षेत्र थेट आतल्या वायूवर काम करतं. काच मात्र अखंड हवी, तडा जाऊन हवा शिरलेली ट्यूब बाद. एलईडी ट्यूब तर नकोच, तिच्यात वायूच नाही. दोन फुटीला टोकांमधलं व्होल्टेज निम्मंच मिळतं, उजेड फारच मंद.

चार फुटीकडूनही अपेक्षा बेताचीच ठेवा. चोकवर ती 0.43 अँपिअर घेते, इथे मिळतात काही मायक्रोअँपिअर (अँपिअरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोअँपिअर). अमावास्येच्या सुमारास, डोळे अंधाराला सरावल्यावर फिकट पांढरी चमक दिसते. वावरात फुकट दिवा लावायचा बेत असेल तर सोडा.

खरा फरक जागेने पडतो. दोन टॉवरच्या मधोमध तार झोळ खाऊन सर्वात खाली येते (400 केव्हीला जमिनीपासून किमान 8.84 मीटर), तिथे क्षेत्र सर्वात जोरदार. टॉवरच्या पायथ्याशी लोखंडच ते अडवतं. केळीच्या बागेत तर नादच नको: उंच, पाणीदार झाडं क्षेत्र स्वतःवर घेतात, ट्यूब काळीच राहते. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटलेलं मोकळं वावर उत्तम. 11 केव्हीच्या खांबांखाली काही होत नाही.

जमिनीजवळ क्षेत्र उभं असतं, म्हणून ट्यूब आडवी केली की विझते. खालच्या पिनांना तांब्याची तार गुंडाळून ओल्या मातीत खोचलेल्या लांब खिळ्याला जोडा, चमक वाढते. ब्रिटनमध्ये रिचर्ड बॉक्स या कलाकाराने 2004 साली 1301 ट्यूबा अशाच जमिनीत खोचून उजळवल्या होत्या. काच कोरडी पुसा. दव बसलं की मंदावते. मधे हात धरला तर हाताखालचा भाग काळवंडतो, आणि पिनेला बोट लागलं तर बारीक चिमटा बसतो.

ट्यूब डोक्यावर नेऊ नका. बांबूला बांधून उंचावणं म्हणजे जिवाशी खेळ, तार शिवायचीही गरज नसते, वीज हवेतून उडी मारते. ने-आण गोणपाटात गुंडाळून करा. आत पारा असतो, वावरात फुटू देऊ नका.