कानाचं मशीन: ओपन-फिट, आठ महिने वापरल्यावर

माझं वय 67. आवाज ऐकू येत होता, शब्द लागत नव्हते. भाजीवाली ‘तीस’ म्हणाली की मला ‘वीस’ वाटायचं. नात फोनवर बोलायला लागली की ती बोलतेय एवढंच कळायचं. घरात सगळे म्हणायचे, तुझं लक्ष नसतं. लक्ष होतं, अगदी कान देऊन ऐकत होते, म्हणून ते बोलणं फार लागायचं.

ईएनटी डॉक्टरांनी आधी कानातला मळ काढला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घेतली. हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं त्या पट्टीत ऐकू कमी. 500 हर्ट्झला 15 डेसिबल, 1000 ला 20, 2000 ला 30, 4000 ला 45. कागदावरची रेघ डावीकडे, खालच्या पट्टीत, जवळजवळ सपाट आणि उजवीकडे उतरत गेलेली. वयामुळे ऐकू कमी येतं ते बहुतेकांना असंच: जाड, खालचे आवाज शाबूत राहतात, बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, च ही अक्षरं ओळखू येतात ती त्या बारीक आवाजांवर. म्हणून स्वर पोचतो आणि व्यंजन गळतं.

पहिल्या दुकानात हा कागद कुणी धड पाहिलाही नाही. ‘कुणाला दिसणार नाही’ म्हणून कानाच्या आत बसणारं मशीन पुढे केलं. ट्रायलला घरी आणलं. बोलले तर माझाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा, आणि पोळी चावली तरी डोक्यात आवाज. कानाचं भोक बंद झालं की आपल्या आवाजाचा हाडांतून येणारा जाड भाग आतच अडकतो. ज्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं चांगलं आहे त्यांना हे जास्त जाचतं, आणि माझा कागद नेमकं तेच सांगत होता. चार दिवसांनी परत केलं, तर अनामतीतून दोन हजार कापून घेतले. हे आधी सांगितलं नव्हतं. ट्रायल घेण्याआधी परतीच्या अटी लिहून घ्या.

दुसऱ्या ठिकाणच्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी आलेख समोर ठेवून ओपन-फिट सुचवलं. कानामागे छोटं यंत्र, तिथून केसासारखी बारीक तार, टोकाला रिसीव्हर म्हणजे इवलासा स्पीकर आणि त्यावर भोकं असलेली मऊ सिलिकॉनची टोपी, तिला डोम म्हणतात. कान उघडा राहतो. जाड आवाज आपल्या वाटेने आत येतात आणि मशीन फक्त बारीक आवाजांची भर घालतं. जोडीला 86 हजार पडले. बोटं आखडतात, म्हणून चार्जिंगवालं घेतलं. रात्री डबीत ठेवलं की दुसरा दिवस निघतो.

पहिले तीन आठवडे सोपे नव्हते. वर्तमानपत्राचं पान, नळाची धार, स्वतःच्या बांगड्या, सगळं अंगावर यायचं. ताईंनी मुद्दाम आवाज कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवला. या काळात मशीन कपाटात ठेवून देऊ नका, दिवसभर घाला. मेंदूला त्या आवाजांची पुन्हा सवय व्हावी लागते.

आता तंबोऱ्याचं सांगते. गेली तीसेक वर्षं रोज सकाळी गाते. वर्षभर मला तंबोरा बोथट वाटत होता. जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घासण) बसली असेल असं समजून मिरजेच्या कारागिरांकडे द्यायच्या विचारात होते. मशीन लावून बसले आणि जवारी जागच्या जागी होती! डोळ्यांत पाणी आलं. पण मिनिटभरातच सुराला विचित्र थरथर सुटली, षड्ज हलायला लागला. मी घाबरले. ताईंनी उलगडा केला: मशीनमधून निघालेला आवाज परत त्याच्याच माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते; ती दाबणारी जी यंत्रणा असते, तिला लांबलेला स्थिर सूर म्हणजे शिट्टीच वाटते, आणि ती तो खोडायला जाते. पुढच्या वेळी मी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घेऊनच गेले. तिथे तो लावून त्यांनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम केला, त्यात ती यंत्रणा आणि गोंगाट गाळणं दोन्ही कमी केलं. आता रियाझाला बसताना बटण दाबते. गाणाऱ्या, बासरी-व्हायोलिन वाजवणाऱ्यांनी हे आवर्जून मागून घ्यावं, आपणहून कुणी करत नाही.

मंगल कार्यालयात मात्र ओपन-फिटचा जोर चालत नाही. कान उघडा असल्यामुळे गोंगाट थेट आत शिरतो, मशीन तो गाळणार कुठून? मी गोंगाटाकडे पाठ करून बसते आणि ज्यांच्याशी बोलायचंय त्यांना समोर बसवते. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

पावसाळ्यात एक दिवस उजवं मशीन मुकं झालं. दुरुस्तीचा खर्च डोळ्यांसमोर आला, पण निघाला तो रिसीव्हरच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला मळ. जाळी बदलायची काडी सोबत मिळते: एका टोकाने जुनी ओढायची, दुसऱ्या टोकाची नवी दाबून बसवायची. चष्मा लावून, उजेडात, खाली पांढरा रुमाल पसरून करते. ओल टिकू नये म्हणून रात्री चार्जिंगआधी थोडा वेळ सिलिका जेलच्या डबीत ठेवते.

ज्यांचा आलेख डावीकडेही खाली गेलाय, त्यांना ओपन-फिट पुरणार नाही, मशीनने वाढवलेले जाड आवाज उघड्या कानातून बाहेर निसटतात. तेव्हा कंपनी आणि चॅनेल (मशीन आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे हाताळतं तो आकडा) बघण्याआधी आपला कागद हातात घ्या आणि किमतीत किती वेळा ट्यूनिंग करून मिळणार ते विचारा. माझं आतापर्यंत पाच वेळा झालं. डाव्या कानाला अजून ‘श’ जरा टोचतो, तो पुढच्या भेटीत कमी करून घ्यायचाय.