तबेल्यावर राहून शिकावं की फी भरून? गोव्यातून नॅचरल हॉर्समनशिपकडे वळणाऱ्यांसाठी

नॅचरल हॉर्समनशिप, म्हणजे घोड्याची रग न मोडता त्याला समजून घेत शिकवण्याची पद्धत, शिकायची ठरवली की गोव्यातल्या माणसापुढे तीन वाटा येतात. एखाद्या रँचवर किंवा तबेल्यावर काही महिने राहायचं, पडेल ते काम करायचं आणि त्या बदल्यात राहणं, जेवण आणि शिक्षण घ्यायचं. नाहीतर रायडिंग स्कूलमध्ये फी भरून आठवड्यातून दोन-तीनदा जायचं. किंवा बाहेरगावी होणाऱ्या चार-पाच दिवसांच्या शिबिराला बसायचं आणि बाकीचं व्हिडिओ बघून उचलायचं. मी पहिल्या वाटेच्या बाजूची आहे, पण एका अटीवर. ती अट पुरी होत नसेल तर बिनदिक्कत दुसरी वाट धरा.

अट समजायला आधी ही पद्धत चालते कशी ते पाहावं लागेल. ती आली अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांकडून. ओरेगॉनमध्ये जन्मलेले टॉम डोरन्स (१९१०–२००३), त्यांचे भाऊ बिल आणि टॉमकडून शिकलेले रे हंट (१९२९–२००९) ही तिच्या मुळाशी असलेली माणसं. घोड्याला दमवून, बांधून, त्याची रग मोडून वठणीवर आणायची जी जुनी रीत होती, तिच्याऐवजी घोड्याला काय वाटतंय ते आधी पाहायचं, हा त्यांचा आग्रह. पुढे पॅट परेली यांनी तिला पायऱ्या आणि सात खेळ लावून जगभर पोचवलं, माँटी रॉबर्ट्स यांनी गोल कुंपणातलं ‘जॉइन-अप’, म्हणजे मोकळा घोडा आपणहून माणसाजवळ येणं, प्रसिद्ध केलं.

नावं कितीही असली तरी आतलं यंत्र एकच आहे. दोरीने, हाताने किंवा नुसत्या उभं राहण्याने घोड्यावर हलका दाब आणायचा आणि त्याने योग्य दिशेला जरासा जरी कल दाखवला तरी तत्काळ दाब काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणी. तो एक पाऊल मागे सरकला आणि तुम्ही दोरी आणखी दोन क्षण ताणूनच ठेवली, तर मागे सरकून काही मिळत नाही एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. असं आठवडाभर झालं की घोडा ‘हट्टी’ ठरतो.

हा सुटण्याचा क्षण व्हिडिओत डोळ्यांना दिसतो, पण हाताला कळत नाही. शेजारी कुणीतरी उभं राहून ‘सोड, आत्ता सोड’ म्हणावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर. म्हणून माझी अट एवढीच: तुमच्या हाताकडे बघणारं माणूस तिथे रोज असलं पाहिजे. तिन्ही वाटा मी याच एका गोष्टीवर तोलते.

तास आणि दिवस

रायडिंग स्कूलमध्ये तुमच्या वाट्याला तासभर येतो. बहुतेक ठिकाणी घोडा खरारा करून, खोगीर कसून तयार उभा असतो, मोतद्दार लगाम धरतो, तुम्ही रिकिबीत पाय घालून चढता. तासभर बैठक, पाठीचा कणा, टाचा खाली, कदम चाल, दुडकी. शिकवणारा समोर असतो, पूर्ण लक्ष तुमच्यावर. हे कमी समजू नका. बैठक सैल आणि तोल पक्का नसेल तर घोड्याच्या पाठीवर तुमचे हात नकळत लगामाला लोंबकळतात, आणि मग दाब सोडायचा म्हटलं तरी सुटत नाही. बैठकीची शिस्त स्कूलमध्ये जितकी नीट लागते तितकी तबेल्यावर क्वचितच लागते.

पण या पद्धतीतलं निम्म्याहून जास्त शिक्षण जमिनीवरचं आहे. दोरीची म्होरकी, बाराएक फुटांची दोरी आणि तुम्ही दोघं. घोडा मान खाली घालतो का, मागच्या पायाने आडवं पाऊल टाकतो का, तुमच्या अंगावर न येता दारातून बाहेर पडतो का, हे सगळं चढण्याआधीचं. तासाचे पैसे भरणाऱ्याला चढायची घाई असते आणि स्कूललाही त्याला चढवण्याची, त्यामुळे हा भाग गाळला जातो.

तबेल्यावर तो गाळताच येत नाही. पहाटे उठून पाणी आणि गवत घालायचं, लीद काढायची (एक घोडा दिवसाला वीसेक किलो सहज टाकतो), खूर उचलून साफ करायचे, घोडा इथून तिथे न्यायचा. यातल्या प्रत्येक कामात तुम्ही घोड्याला काहीतरी शिकवतच असता. दारातून नेताना त्याने तुम्हाला खांद्याने ढकललं आणि तुम्ही बाजूला झालात, तर तोही धडाच झाला. तास सुरू झाला किंवा संपला असं घोड्याला काही नसतं. त्यामुळे दिवसभर त्याच्या आसपास वावरणाऱ्याचे हात, पाय आणि उभं राहणं बदलतं. ते आठवड्याच्या दोन तासांत बदलायला वर्षं जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे घोड्याची तब्येत. घोड्याचं पोट त्याच्या आकाराच्या मानाने लहान, त्यात आम्ल सतत पाझरतं, आणि त्याला उलटी करता येत नाही. म्हणून त्याला थोडं थोडं पण दिवसभर गवत लागतं, नुसत्या चंदीवर भागत नाही. पोटशूळ उठला तर जिवावर बेतू शकतं. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, शांत उभा असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४. हे आकडे पाठ करायला दोन मिनिटं पुरतात, पण कालचा घोडा आणि आजचा घोडा यातला फरक दाराशी उभं राहून ओळखायला रोज बघावं लागतं. ज्याला घोडा आज ‘ऐकत का नाही’ याचं उत्तर त्याच्या दातात, खुरात, पाठीत किंवा पोटात शोधता येतं, त्याला ही पद्धत खरी समजली. स्कूलच्या विद्यार्थ्याला ही संधी सहसा मिळत नाही, कारण दुखणाऱ्या घोड्याऐवजी दुसरा घोडा पुढे येतो.

गोव्यातला मोसम

गोव्यात ऑक्टोबर ते मे पर्यटनाचा हंगाम. या दिवसांत ज्या तबेल्यांचं पोट किनाऱ्यावरच्या फेऱ्यांवर चालतं, तिथे इंटर्न म्हणजे फुकटचा हात. सकाळी आणि संध्याकाळी पर्यटकाला घोड्यावर बसवून दोरी धरून वाळूत चालायचं, दुपारी लीद. मालक गिऱ्हाइकांत, शिकवणारा कुणी असलाच तर तोही गिऱ्हाइकांत. तुम्ही दमता, घोडा दमतो, आणि महिन्याअखेरीस तुम्हाला दोरी धरून चालणं तेवढं आलेलं असतं. मेहनतीला माझी ना नाही. पण बघणाऱ्याशिवाय केलेली मेहनत चुकीची सवय पक्की करते आणि ती पुढे सोडवताना दुप्पट वेळ जातो.

म्हणून तबेल्यावर जायचं तर पावसात जा. जून ते सप्टेंबर फेऱ्या बंद, घोडे मोकळे, मालकालाही वेळ. जमिनीवरच्या कामाला याहून चांगले दिवस नाहीत. छपराखाली गोल कुंपण असेल तर पाहायलाच नको, नसेल तर दोन सरींच्या मधली उघडीप पकडायची. पत्र्यावर पाऊस वाजत असताना, प्लास्टिक फडफडत असताना घोडा शांत उभा राहायला शिकतो.

शिवाय आपल्या हवेत घोडा राखणं म्हणजे काय ते पावसातच कळतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारी ही भूमी घोड्याची नव्हे. अरबी घोडे समुद्रमार्गे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा हा व्यापारही त्यांच्या हाती आला. घोडे इथून गेले, इथल्या गावांत रुजले नाहीत. सत्तरी-डिचोलीत शिगम्याला घोडेमोडणी होते ती कमरेला बांधलेल्या लाकडी घोड्यांची, आणि आपल्यातल्या कित्येकांनी जवळून पाहिलेला पहिला घोडा तोच. चार महिने ओल राहिली की खुराच्या तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग कुजू लागतो, वास येतो. पाठीवर पावसाने खपल्या धरतात. गोमाशा वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. भाताचा पेंढा भरपूर असतो पण त्यात कस कमी, चांगलं सुकं गवत बऱ्याचदा घाटापलीकडून आणावं लागतं आणि ते भिजून बुरशी धरू नये म्हणून जपावं लागतं. स्वतःचा घोडा ठेवायचं स्वप्न असेल तर एक पावसाळा दुसऱ्याच्या तबेल्यावर काढल्याशिवाय पैसे घालू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

रायडिंग स्कूलचं गणित उलटं. मैदान उघडं असेल तर पावसात वर्ग रखडतात, चवथ उलटल्यावरच पुन्हा लय लागते. फी भरून शिकायचं तर ऑक्टोबरमध्ये सुरुवात करा.

जागा कशी पारखायची

तबेल्याच्या भिंतीवर कुणाची प्रमाणपत्रं लटकली आहेत त्यापेक्षा तिथे घोडा कसा पकडतात ते पाहा. सकाळी म्होरकी हातात घेऊन माणूस मोकळ्या घोड्याकडे गेला की घोडा काय करतो? वळून बघतो, थांबतो, निदान कान तरी फिरवतो, की पाठ करून दूर जातो? एखादा घोडा दूर जाईल, सगळे जात असतील तर निघून या.

पर्यटक कोण चढतंय तेही बघा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत असावेत, हे बऱ्याच ठिकाणी पाळलं जाणारं माप आहे. साडेतीनशे किलोच्या मारवाडी किंवा काठियावाडी घोड्यावर खोगिरासकट सत्तर किलो. नव्वद किलोच्या माणसाला हसतमुखाने बसवणारा मालक तुम्हाला घोड्याचं मन काय शिकवणार?

‘नॅचरल’ या शब्दावर मात्र भुलू नका. गोल कुंपणात घोड्याला पळव-पळव पळवून तो शेवटी मान खाली घालून जवळ आला की ‘बघा, विश्वास टाकला’ असं सांगणारे आहेत. घोड्याच्या शिकण्याचा अभ्यास करणारे संशोधक याचा साधा अर्थ लावतात: दूर राहिलं की हाकलतात आणि जवळ आलं की हाकलणं थांबतं, हे घोड्याला कळलं. जीभ फिरवणं, चघळल्यासारखं करणं हेही ‘समजलं’ची खूण म्हणून दाखवलं जातं; ताण उतरतानाही घोडा तसंच करतो, म्हणजे आधी ताण होता. चांगला शिकवणारा हे स्वतःहून बोलतो आणि घोडा घामेघूम होण्याआधीच थांबतो.

परदेशातली रँच

मूळ जागी जाऊन शिकावं ही ओढ खरी आहे. मोकळी कुरणं, गुरांमागचं काम, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात. पण कागद आधी पाहा. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं काम हेही कामच धरलं जातं आणि ते चालत नाही. प्रशिक्षणासाठी वेगळा जे-१ व्हिसा लागतो आणि तो मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच मिळतो. ‘या, मग बघू’ म्हणणाऱ्या रँचवर विश्वासून तिकीट काढू नका. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला केला, १८ ते ३० वयासाठी, वर्षाला एक हजार जागा, सोडतीने. वय बसत असेल तर नाव घालायला हरकत नाही. मात्र घोड्याजवळ कधी उभं न राहता थेट तिथे जाण्यात पैसा वाया जाईल. इथला एक पावसाळा आधी काढा.

शिबिरांबद्दल थोडक्यात. ही पद्धत अमेरिकेत पसरली तीच मुळी शिबिरांतून, पण तिथे माणसं स्वतःचा घोडा घेऊन येत आणि त्याच घोड्यावर घरी सराव करत. ज्याच्याकडे घोडा नाही त्याला चार दिवसांत डोळे मिळतात, हात मिळत नाहीत. तबेल्यावर आधीच काम करत असाल तर मात्र जरूर जा.

फी भरून स्कूलमध्येच जावं अशी माणसंही आहेत. ज्याला स्पर्धेत उतरायचंय त्याने वेळ दवडू नये. ड्रेसाज (ठरलेल्या चाली अचूक करून दाखवणं), अडथळ्यांवरून उड्या, इव्हेंटिंग (या दोन्हींसह मोकळ्या रानातली दौड) यांना पहिल्या दिवसापासून बैठकीचा पाया लागतो; हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलेले आपले चौघे स्वार युरोपात वर्षानुवर्षं तालीम करून आले होते. अठराच्या आतल्या मुलामुलींना तबेल्यावर राहायला पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे, सुट्टीत दिवसा जाऊन-येऊन करू दे. आणि ज्याला नोकरी सांभाळून आठवड्याचे दोन तास शांत काढायचेत त्यालाही स्कूलच बरं. फक्त शिक्षकाला विनंती करा की तासातली पहिली वीस मिनिटं जमिनीवर द्या. चांगला शिक्षक नाही म्हणणार नाही.

तबेल्याचं ठरलंच तर जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, त्याचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात. हेल्मेट स्वतःचं न्या. आणि मालकाशी बोलून कागदावर उतरवून घ्या: दिवसाचे कामाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, रोज किती वेळ आणि कोण शिकवणार, पडलात तर बांबोळीच्या इस्पितळात कोण नेणार आणि खर्च कुणाचा. शिकवण्याचा वेळ आणि शिकवणाऱ्याचं नाव लिहून द्यायला मालक कचरला, तर स्कूलची फी भरून मोकळे व्हा.