गोल टाकीचे घनफळ : व्यास मोजावा की परीघ?

निपाणी, खानापूर भागातील शेतांत सिमेंटच्या गोल टाक्या दिसतात. त्यांत पाणी किती मावते हे काढण्यासाठी वृत्तचितीचे घनफळ दोन प्रकारे मोजता येते. शाळेत शिकवली जाते ती रीत व्यासाची: आतील व्यास 2.1 मीटर, म्हणजे त्रिज्या 1.05 मीटर, आणि उंची 1.5 मीटर असेल, तर 22/7 × 1.05 × 1.05 × 1.5 म्हणजे सुमारे 5.2 घनमीटर, अर्थात 5,200 लिटर. अडचण इतकीच की टेप नेमका मध्यातून गेला नाही, तर माप नेहमी कमीच भरते. म्हणून टेपचे एक टोक स्थिर धरून दुसरे सरकवत सर्वांत मोठे माप घ्यावे.

दुसऱ्या रीतीत परीघाचा वर्ग उंचीने गुणून 4 × 22/7 ने भागतात. मोजताना 2 सेंटीमीटरची चूक झाली, तर या टाकीत व्यासाच्या रीतीने सुमारे 100 लिटरचा फरक पडतो, परीघाच्या रीतीने मात्र जेमतेम 30 लिटरचा, आणि मला हा फायदा फार मोलाचा वाटतो. परंतु टेप बाहेरून गुंडाळला जात असल्याने भिंतीची जाडीही मोजली जाते. ती 5 सेंटीमीटर असली, तर उत्तर तब्बल 500 लिटरने फुगते. म्हणून बाहेरील परीघातून आधी जाडीच्या 44/7 पट, येथे सुमारे 31 सेंटीमीटर, वजा करणे अत्यावश्यक आहे. पातळ पत्र्याच्या पिंपासाठी परीघच बरा; विहिरीला बाहेरून टेप गुंडाळताच येत नाही, तेथे व्यासाला पर्याय नाही.