बाराला बुजणारी कारवानी: रेकॉर्डिंग, जॅकेट, गोळ्या आणि दोन दिवाळ्यांमधला अनुभव

आमची कारवानी जातीची कुत्री बंदुकीच्या, फटाक्यांच्या बाराला घाबरते. त्यावर दोन दिवाळ्यांमध्ये काय काय करून बघितलं, त्याचा आधी निकाल सांगून टाकतो. फोनवरची फटाक्यांची रेकॉर्डिंग उपयोगाची आहेत, पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच नेतात. अंगाला घट्ट बसणारं जॅकेट आमच्या कुत्रीसाठी वाया गेलं. डॉक्टरांच्या गोळ्या दिवाळीपुरत्या खऱ्या कामाच्या. आणि सगळ्यात जास्त गुण ज्याचा आला ते दुकानात मिळत नाही: मोकळं रान आणि अंतर.

कुत्री कारवानी, नाव हरणी. आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. मण्यात साखर भरायला लागली की पाखरांचे थवे उतरतात आणि बागेबागेतून राखण सुरू होते. गोफण आता फारसं कोणी चालवत नाही. पीव्हीसी पाइपात कार्बाइडचा खडा, त्यावर थोडं पाणी, तयार झालेल्या गॅसला लायटरची ठिणगी, की निघाला बार. ही पाइपची बंदूक माणसालाही घातक आहे. २०२५च्या दिवाळीत भोपाळकडे असल्याच नळ्यांनी कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. आमच्या बागेत तिला बंदी आहे, शेजारच्या बागांत माझं कोण ऐकतो?

‘शिकारी जात असून बाराला भिते?’ हे गावात दहा जणांनी तरी ऐकवलं. कारवानी नजरेने सावज हेरून पळत गाठणारी जात. बार झाला तरी जागेवर बसून राहायचं आणि पडलेला पक्षी उचलून आणायचा, हे काम लॅब्रडॉर-स्पॅनियलचं. तेसुद्धा ते पोटातून शिकून येत नाहीत. असली कुत्री तयार करणारे जाणकार पिल्लाला बंदूक दाखवायची घाई कधीच करत नाहीत. पिल्लू पक्ष्यामागे बेभान धावत असताना, लांबून, हलका कोरा, म्हणजे बिनगोळीचा बार काढतात आणि कित्येक दिवसांनी थोडं जवळ येतात. ‘बघू भितंय का’ म्हणून कानाशी बार काढला, की चांगलं कुत्रं आयुष्यभरासाठी बिघडतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे ससासुद्धा धरता येत नाही, तेव्हा हरणीला शिकारीसाठी तयार करायचा प्रश्नच नव्हता. तिने बांधावर निवांत फिरावं, एवढीच अपेक्षा.

गेल्या हंगामात तिची अवस्था वाईट होती. बार ऐकला की शेपूट पोटाशी, कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागायचा आणि तोंडातून लाळेची तार. चिकनचा तुकडा तोंडात दिला तर तसाच खाली पडायचा. पुढे पुढे बाराचीही गरज उरली नाही. घरात गॅस पेटवायला लायटरचा ‘कट्ट’ आवाज झाला की ती पलंगाखाली. पाइपच्या बंदुकीलाही तोच लायटर लावतात, आणि हिने दोन्हीचा हिशोब बरोबर जुळवला होता.

म्हणून सुरुवात रेकॉर्डिंगने नव्हे, लायटरने केली. लायटर दोन खोल्या पलीकडे, टॉवेलात गुंडाळलेला. कट्ट, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. उलटं केलंत तर कुत्र्याला वाटतं, खाऊ आला म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार, आणि मग ते चिकनलाच घाबरायला लागतं. महिन्याभरात टॉवेल सुटला, आणि आता चहाच्या वेळी कट्ट झालं की बाईसाहेब ओट्याशी हजर. आमच्या आईचं मत, कुत्रीला शिकवता शिकवता एक चोर तयार केला.

त्यानंतर ब्लूटूथ स्पीकर. फटाके, बंदुका, ढगांचा गडगडाट, सगळ्याची रेकॉर्डिंग यूट्यूबवर फुकट मिळतात. पैसे देऊन घेतलेल्यांत मला वेगळं काही दिसलं नाही. घेताना एवढंच बघा की बारांमध्ये मोकळी जागा आहे. सलग धडाधड वाजणारं रेकॉर्डिंग बिनकामाचं, कारण एकेका आवाजामागे खाऊ द्यायला वेळच मिळत नाही. आवाज इतका बारीक ठेवायचा की कुत्र्याचा फक्त कान हलावा. खाणं थांबलं, जीभ ओठांवरून फिरायला लागली, उगाच जांभया सुरू झाल्या, की आपण पुढे गेलो. आवाज कमी करायचा किंवा बंद. पाच मिनिटं पुरेत. माझ्या भावाला रोज अर्धा तास लावायचा होता, त्याला रेडिओ लावून दिला.

पौष संपेपर्यंत हरणी स्पीकरवरचा बार मोठ्या आवाजात ऐकून शेपूट हलवत माझ्या खिशाकडे बघायला लागली. मी खूश. मग एका सकाळी शेजारच्या बागेत खरा बार झाला आणि ती थेट घरी पळाली.

याचं कारण नंतर कळलं आणि पटलंही. छोट्या स्पीकरमधून बाराचा खालचा, छातीत घुमणारा भाग निघतच नाही. खऱ्या बारासोबत हवेचा धक्का येतो, जमीन थरथरते, वास येतो. वरच्या बाजूलाही तेच: माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याला हुबेहूब वाटणारं रेकॉर्डिंग तिच्या कानाला दुसरंच काहीतरी असतं. स्पीकरवर ती एवढंच शिकली, की स्पीकरचा आवाज म्हणजे चिकन.

तेव्हा खऱ्या बाराकडे वळलो, पण लांबून. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. आपल्याकडे फटाक्याची मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. तोच हिशोब धरला तर चारशे मीटरवर तो ८५च्या घरात येतो. मधे झाडी, चढ-उतार असतील तर आणखी कमी. ओढ्यापलीकडच्या बागेतला राखणदार ओळखीचा होता, त्याच्या बार काढायच्या वेळा विचारून घेतल्या. आम्ही माळावर, लांब दोरी, खिशात चिकन. लांबून ‘ढप्प’ आलं, तिचा एक कान वळला, मान वळली, आणि मग ती माझ्या खिशाकडे वळली. ते बघून जे वाटलं ते बागेला चांगला भाव मिळाल्यावरसुद्धा वाटत नाही.

पुढचे सगळे आठवडे फक्त जवळ सरकण्यात गेले. एखाद्या दिवशी वारा आमच्याकडे असला की तोच बार मोठा वाटायचा, मग मागे. दोरी कधी ताणली नाही. तिला लांब जायचं असेल तर आम्हीही लांब. बारापाशी बांधून ठेवा, आपोआप सवय होईल, असा सल्ला देणारे भेटतीलच. तसं बांधलेलं कुत्रं शेवटी गप्प पडतं, ते दमून. भीती जिथल्या तिथे.

आता जॅकेटचं. ऑनलाइन मागवलं, हजाराच्या पुढे गेलं. कारवानीची छाती खोल आणि कंबर मुठीत मावेल अशी. छातीला घट्ट केलं की पोटाशी लोंबतं आणि पळताना फिरून पाठीवरचं बक्कल पोटाखाली येतं. मापाच्या तक्त्यात या बांध्याचा विचारच नव्हता आणि विकणाऱ्याने परतही घेतलं नाही. गावातल्या शिंप्याकडून जुन्या टी-शर्टचं एक शिवून घेतलं, ते बसलं छान, पण हरणीच्या वागण्यात फरक दिसला नाही. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला उपयोग झाला असेल, तर मी वाद घालणार नाही.

‘घाबरल्यावर लाड करू नका, भीती वाढते’ हेही खूप ऐकलं. मी ते मानत नाही. बर्न विद्यापीठातल्या स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली होती, ती २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. खरा फटाका वाजला की लगेच खाऊ किंवा खेळ, या उपायाचा गुण आला असं सांगणारे ७० टक्क्यांच्या वर होते, रेकॉर्डिंगवाले त्याहून कमी. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. हरणी माझ्या मांडीत डोकं खुपसून बसली तर मी तिला उठवत नाही.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. एक, आम्हाला मिळालेल्या गोळीचं नाव किंवा डोस मी इथे लिहिणार नाही. वजन, यकृत, आधीचे आजार बघून डॉक्टरांनीच द्यायचं. कारवानीसारख्या सडपातळ, चरबी नसलेल्या जातींना भुलीची काही औषधं जड जातात, म्हणून जात आवर्जून सांगा. दोन, डॉक्टरांनी ॲसिप्रोमेझिन हे गुंगीचं औषध सुचवलं तर दुसरा पर्याय विचारा. त्याने अंग सैल पडतं, कुत्रं हलत नाही, पण आत भीती तशीच राहते. आम्हाला मिळालेली गोळी दिवाळीच्या आधी एका शांत संध्याकाळी देऊन बघितली, किती वेळात चढते आणि चाल किती अडखळते हे कळावं म्हणून. लक्ष्मीपूजनाला ती सूर्यास्ताआधीच दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये फटाक्यांना रात्री ८ ते १०ची वेळ घालून दिली, हे आमच्या गल्लीला अजून कळायचंय. आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू, खिडकीला गोधडी. सुतळी बॉम्बला ती उठून उभी राहायची, माझ्याकडे बघायची, खाऊ घ्यायची, परत बसायची. आदल्या दिवाळीला रात्रभर मोरीत होती.

राखणीचे बार आता शेजारच्या बागेत झाले तरी ती बांध सोडत नाही. वळवाच्या गडगडाटाचं मात्र काहीच जमलेलं नाही. ढग दाटले, वारा फिरला की आवाजाच्या आधीच तिचं धापा टाकणं सुरू होतं, आणि वीज काही वेळ विचारून पडत नाही की लांबून सुरुवात करता येईल. उन्हाळ्याच्या आधी त्यासाठी डॉक्टरांकडे पुन्हा जायचं आहे. कुणाच्या कारवानीला किंवा पशमीला (तीही अशीच शिकारी जात) गडगडाटावर काही लागू पडलं असेल तर लिहा. फक्त जॅकेट सुचवू नका.