लिलावाआधी चित्राची मागची बाजू बघा

माझे काका १९६८ साली पुण्यातून डॉक्टर होऊन इंग्लंडला गेले आणि यॉर्कशायरमधल्या सरकारी इस्पितळात नोकरीला लागले. तैलचित्रं परवडत नव्हती, म्हणून शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ते रेखाटनं घ्यायचे. इटालियन, डच, फ्रेंच. शाईची, लाल खडूची, बहुतेक बिनसहीची. चाळीस वर्षांत ६३ जमली. उतारवयात ११ तैलचित्रंही घेतली. प्रत्येक खरेदी त्यांनी एका दोनशेपानी वहीत मराठीत लिहून ठेवली: साल, दुकान, किंमत, कागदाच्या पुढे-मागे काय काय आहे ते सगळं.

ते गेल्यावर काकूने घर विकून केअर होममध्ये जायचं ठरवलं. मला चित्रांतलं काही कळत नाही. जवळच्याच एका लिलाव कंपनीला फोन केला. घरी येऊन फुकट किंमत सांगू म्हणाले.

दोघे आले. किंमत ठरवणारा भलताच बोलका. काकूचे पोहे त्याने दोनदा मागून घेतले. दुसऱ्याची ओळख 'मदतनीस' एवढीच करून दिली. हा दोन तास अवाक्षर बोलला नाही. एकेक चित्र फ्रेममधून काढायचा, खिडकीशी उजेडात धरायचा, उलटं करून बघायचा. मला वाटलं, डाग तपासतोय.

तो शिक्के बघत होता. युरोपात जुने संग्राहक आपल्या रेखाटनांवर बारीकसा शिक्का मारत. चित्रकार सर पीटर लेली १६८० साली वारले, तेव्हा त्यांच्या रेखाटनांवर लिलावाआधी 'पी. एल.' अशी अक्षरं उमटवली गेली. पुढच्या काळातले चित्रकार रेनल्ड्स आणि लॉरेन्स हेही संग्राहक; रेनल्ड्सचा शिक्का वेगळा, लॉरेन्सचा वेगळा. असा शिक्का असला की कागद तीनशे वर्षं कुणाकुणाच्या हातातून आला ते कळतं, आणि बिनसहीच्या चित्राची किंमत त्यावरच चढते. फ्रिट्स लुग्ट नावाच्या डच संग्राहकाने १९२१ साली या शिक्क्यांची सूची छापली. आज ती इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. मी तेव्हा दहा मिनिटं काढून ती बघितली असती तर!

मी काकांची वही पुढे केली. बोलक्याने दोन पानं उलटली आणि म्हणाला, "ही लिपी आम्हाला वाचता येत नाही, याचा उपयोग नाही." मग म्हणाला, जुन्या माउंटमधलं, म्हणजे रेखाटन ज्यावर बसवलेलं असतं त्या पुठ्ठ्यातलं, आम्ल कागद खातं, आम्ही ते काढून टाकू. आम्लाचं खरंच आहे, म्हणून मला शंका आली नाही. पण दुकानांच्या चिठ्ठ्या, आधीच्या मालकांच्या हातची टिपणं त्या माउंटवरच होती. ती सगळी गेली, आणि मी त्यांचा एकही फोटो काढला नव्हता. करारात राखीव किंमत (जिच्याखाली माल विकायचा नाही ती) आणि लॉट पाडणं (कुठली चित्रं एकत्र विकायची ते), दोन्ही 'कंपनीच्या मर्जीनुसार' होतं. मी सही केली.

लिलावाला मी स्वतः गेलो होतो. ६३ रेखाटनांचे पाच लॉट केले होते. त्यातला एक 'विविध हातांची चौदा रेखाटनं, सतरावं शतक आणि नंतरची'. दुसऱ्या रांगेत तो मदतनीस नंबराची पाटी घेऊन बसलेला. शेजारच्याने एकदा मान हलवली आणि मदतनीस बोली लावायचा थांबला. ३८० पौंडांवर हातोडा पडला. पंधरा टक्के कमिशन, त्यावर व्हॅट, फोटो, वाहतूक. चौदा चित्रांचे काकूच्या हातात २७० पौंड.

चौदा महिन्यांनी, काकूला खोलीत लावायला तसल्या एखाद्या रेखाटनाची छापील प्रत मिळते का ते शोधताना लंडनच्या एका विक्रीचा कॅटलॉग समोर आला. गुडघे टेकलेला म्हातारा, तपकिरी शाई, डाव्या कडेला पाण्याचा डाग. मी वही काढली. "लीड्स, १९७४. ४५ पौंड. डावीकडे डाग, होडीसारखा. खाली कोपऱ्यात पी. एल." कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं: गुएर्चिनो या इटालियन चित्रकाराच्या वर्तुळातलं, सर पीटर लेली यांच्या संग्रहातून. विकलं गेलं २२,००० पौंडांना. आधीच्या मालकांच्या यादीत लेलीनंतर थेट 'खाजगी संग्रह, इंग्लंड'. काकांचं नाव कुठेच नाही. पैशांपेक्षा हे काकूला जास्त लागलं.

वकिलांनी एक जुना खटला सांगितला. १९८५ साली एका गावच्या लिलावात शिकारी कुत्र्यांची दोन चित्रं ८४० पौंडांना गेली, आणि काही महिन्यांतच सदबीज या बड्या लिलावघरात, प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध जॉर्ज स्टब्जची म्हणून, ८८,००० ला. अपील न्यायालयाने १९९० मध्ये लिलावदाराला निष्काळजी ठरवलं नाही. म्हणजे 'ओळखता आलं नाही' एवढं म्हणून माणूस सुटू शकतो. आमचं म्हणणं वेगळं आहे: यांनी ओळखलं होतं. लिलावदार हा विकणाऱ्याचा प्रतिनिधी असतो, त्याला आपल्याच माणसाकरवी गुपचूप माल घेता येत नाही. व्यापाऱ्यांनी पैसे देऊन-घेऊन एकमेकांवर बोली न लावणं हा तिथे १९२७ पासून गुन्हा आहे. मदतनीस कंपनीचाच होता याला पुरावा म्हणजे काकूच्या दिनदर्शिकेवरची नोंद, "लिलाववाले दोघे, ११ वाजता", आणि त्याने गॅरेजमधून माल नेताना सही केलेली पावती. तक्रार दिली आहे. कराराच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, त्यातली तीन उरली आहेत.

तैलचित्रं तेव्हा, सुदैवाने, काकूने दिली नव्हती. गेल्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणच्या बाईंना बोलावलं. या वेळी प्रत्येक चित्राचे पुढून-मागून फोटो आधीच काढले होते आणि राखीव किंमत लेखी मागितली. बाईंनी पहिलं चित्र भिंतीवरून उतरवलं, पालथं घातलं आणि विचारलं, "घेताना काही लिहून ठेवलं होतं का?" मी वही दिली. वाचता येत नव्हती, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी लिहून घेते." संध्याकाळपर्यंत आमची चार चित्रं झाली.