तिग्रिन्या लिपीचा शनिवारचा वर्ग, सदाशिव पेठ: तक्ता उत्तम, टिपणं मात्र दुरुस्त करा

तिग्रिन्या ही एरिट्रियातली आणि इथिओपियाच्या तिग्राय भागातली भाषा. ती गीझ लिपीत, डावीकडून उजवीकडे लिहितात. पेठेतल्या या छोट्या वर्गात व्याकरण नाही, फक्त लिपी आणि उच्चार. चार शनिवार, दोन-दोन तास. सोबत भिंतीवर लावायचा तक्ता, छापील टिपणं आणि मोबाइलवर ऐकायचे उच्चार.

बाराखडी घोकलेल्या माणसाला हा तक्ता परका वाटत नाही. इथे बाराऐवजी सात रूपं आहेत: अ, उ, इ, आ, ए, एक अर्धवट स्वर आणि ओ. सगळी रांग पाठ करायला न लावता आधी खुणा शिकवतात, ही या वर्गाची सगळ्यात चांगली गोष्ट. ‘ब’ म्हणजे दोन पायांचं टेबल. उजव्या पायाला मध्यावर आडवी रेघ दिली की बु, तीच रेघ तळाला आली की बि. डावा पाय आखूड केला की बा, उजव्या पायाच्या तळाशी कडं काढलं की बे, उजवा पाय आखूड केला की बो. ‘स’च्या डोक्यावर आडवी रेघ आली की ‘श’ होतो. तसाच ‘त’चा ‘च’, ‘द’चा ‘ज’, ‘न’चा ‘ञ’. ‘र’ आणि ‘फ’ मात्र या नियमांना जुमानत नाहीत, ते वेगळे गिरवा.

खरी मेख सहाव्या रूपात आहे. ते कधी ‘इ’ आणि ‘अ’च्या मधला आखूड स्वर असतं, तर कधी चक्क पाय मोडलेलं व्यंजन, आणि लिहिताना दोन्ही सारखीच. भाषेचं नावच घ्या. चार अक्षरं, त्यातली पहिली तिन्ही सहाव्या रूपात. ‘त’ला आखूड स्वर, ‘ग’ मोडका, ‘र’ला पुन्हा स्वर. शेवटच्या ‘ञ’चं द्वित्व ऐकू येतं, पण लिहीत नाहीत. आपण ‘कमळ’ लिहितो आणि ‘कमळ्’ वाचतो, तसंच हे कान तयार झाल्याशिवाय जमत नाही. यासाठी वर्गात जेमतेम अर्धा तास दिला आहे. निदान एक पूर्ण शनिवार हवा होता.

टिपणांबद्दल स्पष्ट तक्रार आहे. जोरकस ‘त’साठी त्यांत ‘ठ’ छापलाय, जोरकस ‘क’साठी ‘ख’. हे साफ उलटं आहे. ‘ठ’, ‘ख’ म्हणताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते. तिग्रिन्यातल्या या आवाजांत गळा बंद असतो आणि हवा फक्त तोंडातली. श्वास पूर्ण रोखून धरा आणि तसाच ‘क’ फोडा. टक्कन वाजला तर जमलं. त्याच पद्धतीने ‘त’. ‘चाक’मधला दंत्य ‘च’ असाच फोडला की त्यांचा जोरकस ‘त्स’ मिळतो. इथे मराठी माणसाचं अर्धं काम आधीच झालेलं असतं.

‘ह’च्या बाबतीतही तीच गफलत. एक साधा ‘ह’ आणि एक घशाचा. टिपणांत दोन्हींना ‘ह’च. ‘एक’ या अर्थाचा ‘हदे’ घशाच्या ‘ह’ने सुरू होतो. चष्म्याच्या काचेवर वाफ सोडताना येतो तो ‘ह’ काढा आणि जिभेचं मूळ मागे ओढून घसा आवळा. इथिओपियातल्याच अम्हारिक भाषेत हा फरक बुजला, तिग्रिन्यात तो टिकून आहे, म्हणून सोडून चालत नाही.

तेव्हा पहिल्याच दिवशी टिपणांतला देवनागरीचा रकाना कागदाने झाका, तक्ता समोर ठेवा आणि उच्चार ऐकत वाचा. रोज पाच अक्षरं, प्रत्येकाची सातही रूपं हाताने. लिपीसाठी वर्ग जरूर लावा. उच्चारांसाठी त्यावरच विसंबू नका. तक्त्यात जोरकस ‘त्स’चं एरिट्रियातलं एकच अक्षर आहे. तिग्रायचा मजकूर वाचायचा असेल तर तिथलं दुसरं अक्षर शिक्षकांकडून मागून घ्या आणि पेनने शेजारी काढून ठेवा.